कर्करोगाच्या प्रश्नावर नोंदी ठेवणाऱ्यांनीही बोलायला हवे

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

दरवर्षी ४ फेब्रुवारीला जागतिक कर्करोग दिनानिमित्त आपल्या शहरांत प्रभातफेऱ्या निघतात, रुग्णालयांत व्याख्याने होतात आणि दुसऱ्या दिवशीच्या वृत्तपत्रांत त्यांची छायाचित्रे येतात. त्यांत शल्यचिकित्सक असतात, आजारातून बरे झालेले रुग्ण असतात, देणगीदार असतात. मात्र प्रत्येक रुग्णाचा केसपेपर, बायोप्सीचा रिपोर्ट आणि अखेरीस मृत्यूचा दाखलाही ज्यांच्या हातांखालून जातो, ती माणसे त्या छायाचित्रांत कधी नसतात. रुग्णालयाच्या रेकॉर्ड रूममधले तंत्रज्ञ, कर्करोग नोंदणी केंद्रांचे फिरते कर्मचारी, रोगांना सांकेतांक देणारे कोडर, जिल्हा आरोग्य कार्यालयांतील सांख्यिकी सहायक, आरोग्य योजनांचे दावे तपासणारे आणि अलीकडे रुग्णालयांची सॉफ्टवेअर लिहिणारे अभियंते, असा हा वर्ग आहे. मी याच वर्गातला, आता निवृत्त झालेला. या मंडळींनी कर्करोगाच्या प्रश्नावर आपल्या कामाच्या बळावर जाहीरपणे बोलायला हवे, असे माझे मत आहे, आणि ते कसे बोलता येईल हे थोडे तपशिलात जाऊन मांडण्यासाठी हे पत्र लिहीत आहे. ते लांबले आहे, तरी आपण जागा द्यावी ही विनंती.

कर्करोगाचा आकडा येतो कुठून, याची सर्वसामान्य वाचकाला सहसा कल्पना नसते. सन २०२२ मध्ये भारतात १४ लाखांहून अधिक नवे रुग्ण आढळले आणि ९ लाखांहून अधिक जण दगावले, असे आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेचे म्हणणे आहे; परंतु हा अंदाज आहे, प्रत्यक्ष मोजणी नव्हे. एखाद्या ठरावीक प्रदेशातला प्रत्येक कर्करुग्ण मोजायचा, तो सरकारी रुग्णालयात गेलेला असो वा खासगी, या कामाला लोकसंख्याधारित नोंदणी म्हणतात. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०२० च्या अहवालात अशा २८ केंद्रांची माहिती होती आणि त्यांच्या कक्षेत देशाची जेमतेम १० टक्के लोकसंख्या येत होती. उरलेल्या देशाचे चित्र या दहा टक्क्यांवरून रेखाटलेले असते. शिवाय आपल्याकडची नोंदणी मुख्यतः पायपिटीवर चालते. रुग्णालय आपणहून कळवील या भरवशावर न राहता नोंदणी केंद्राचा माणूस रुग्णालये, पॅथॉलॉजीच्या प्रयोगशाळा आणि महापालिकेचा जन्म-मृत्यू विभाग अशा फेऱ्या मारतो, रजिस्टरे चाळतो, रुग्णाशी किंवा त्याच्या नातेवाइकांशी बोलतो आणि मग एक अर्ज पुरा होतो.

या कामाची सुरुवात आपल्याच राज्यात झाली. इंडियन कॅन्सर सोसायटीने १९६३ मध्ये मुंबईत सुरू केलेली नोंदणी ही देशातील पहिली लोकसंख्याधारित कर्करोग नोंदणी होय. डॉ. दाराब जस्सावाला यांच्या पुढाकाराने ती उभी राहिली. पुढे आयुर्विज्ञान परिषदेने १९८१ च्या अखेरीस राष्ट्रीय कर्करोग नोंदणी कार्यक्रम आखला, तेव्हा मुंबईची ही घडी बसलेली होती. म्हणजे साठ वर्षांहून अधिक काळाची परंपरा आपल्या गाठीशी आहे. तरीही आपल्याकडचे नोंदणीचे लोक स्वतःला कारकून समजतात आणि इतरही त्यांना तसेच वागवतात, याचे मला नेहमी आश्चर्य वाटत आले आहे.

नोंद ठेवणारा माणूस रुग्णाच्या बाजूने उभा राहिला तर काय घडते, याचे उत्तम उदाहरण सोलापूर जिल्ह्यातच आहे. बार्शीच्या नर्गिस दत्त स्मृती कर्करोग रुग्णालयात १९८७ मध्ये देशातील पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी सुरू झाली. बार्शी, परांडा आणि भूम या तीन तालुक्यांतली ३४६ गावे तिच्या कक्षेत होती. मुंबईची पद्धत तेथे जशीच्या तशी चालण्यासारखी नव्हती. मुंबईत रुग्ण रुग्णालयात येतो आणि नोंदणीवाला त्याला तेथे गाठतो. परांड्याच्या एखाद्या वस्तीवरची बाई अंगावरून जाणारे पांढरे पाणी किंवा अवेळी होणारा रक्तस्राव घरातही सांगत नसे, तर ती रुग्णालयाच्या रजिस्टरात यायची कुठून? केवळ रुग्णालयांवर विसंबले असते, तर या भागात कर्करोग जवळपास नाहीच, असा अहवाल निघाला असता आणि तो कागदोपत्री अगदी चोख दिसला असता.

म्हणून तेथील कर्मचारी गावोगाव गेले. सरपंच, शिक्षक, दाई, ग्रामपंचायतीचे सदस्य यांच्याशी त्यांनी ओळखी केल्या, कर्करोगाची लक्षणे कोणती हे बैठका घेऊन समजावून सांगितले, संशयित लक्षणे असलेल्यांना तपासणीसाठी रुग्णालयात यायला तयार केले आणि ठरावीक काळाने ते पुन्हा त्याच गावात गेले. नोंद मिळवण्यासाठी केलेली ही खटपट होती. पण तिचा परिणाम नोंदींच्या पलीकडे गेला. काही वर्षांतच असे दिसून आले की, नोंदणीच्या गावांतून येणाऱ्या गर्भाशयमुखाच्या कर्करोगाच्या रुग्णांमध्ये लवकरच्या टप्प्यात निदान झालेल्या स्त्रियांचे प्रमाण वाढले आहे. हा निष्कर्ष १९९५ मध्ये आंतरराष्ट्रीय नियतकालिकात प्रसिद्ध झाला. प्रत्येक रुग्णाचा टप्पा, म्हणजे आपण बोलतो ती ‘स्टेज’, पहिल्यापासून काळजीने लिहून ठेवलेली असल्यामुळेच हा बदल दाखवता आला, याकडे मी मुद्दाम लक्ष वेधतो.

त्याच पायावर पुढे तत्कालीन उस्मानाबाद, आताच्या धाराशिव जिल्ह्यात एक मोठा अभ्यास झाला. गावांचे ५२ समूह पाडून ३० ते ५९ वयोगटातील १ लाख ३१ हजार ७४६ निरोगी स्त्रियांचा त्यात समावेश करण्यात आला. काही समूहांत हा कर्करोग ज्याच्यामुळे होतो त्या एचपीव्ही विषाणूची चाचणी, काहींत पॅप चाचणी, म्हणजे गर्भाशयमुखाच्या पेशी सूक्ष्मदर्शकाखाली पाहणे, काहींत व्हिनेगर लावून नुसत्या डोळ्यांनी केलेली तपासणी आणि एका गटात नेहमीचीच आरोग्यसेवा, अशी विभागणी होती. २००९ मध्ये निष्कर्ष आले, तेव्हा एचपीव्हीची एकच चाचणी झालेल्या गटात गर्भाशयमुखाच्या कर्करोगाने होणारे मृत्यू तुलनेच्या गटाच्या सुमारे निम्म्यावर आलेले होते. तुलनेच्या गटातील स्त्रियांना तपासणी न देण्यावरून या अभ्यासावर पुढे टीकाही झाली, आणि त्या टीकेत तथ्य नव्हते असे मी म्हणणार नाही. परंतु या चाचणीची चर्चा जगभर झाली तेव्हा तिच्या मुळाशी या जिल्ह्याच्या गावांत मोजलेले मृत्यू होते. ते मोजणारी, घरी जाऊन ‘बाई कशाने गेली’ हे विचारणारी माणसे तेथे नसती, तर हजारो स्त्रियांची तपासणी होऊनही निष्कर्ष काहीच निघाला नसता.

बार्शीसारखे गावोगाव जाणे प्रत्येकाला जमणार नाही, हे मला मान्य आहे. परंतु रुग्णालयाच्या तळघरातल्या टेबलाशी बसूनही पुष्कळ करता येते, आणि त्याची सुरुवात कोडिंगपासून, म्हणजे रोगाला ठरलेला सांकेतांक देण्यापासून होते. डिस्चार्ज कार्डावर डॉक्टर घाईत ‘सीए ओरल कॅव्हिटी’, म्हणजे ‘तोंडाचा कर्करोग’, एवढेच लिहितात. कोडर सी ०६.९, म्हणजे ‘तोंड, जागा अनिर्दिष्ट’, हा सांकेतांक टाकून मोकळा होतो. हीच गाठ गालाच्या आतल्या बाजूला असेल तर तिचा सांकेतांक सी ०६.०, हिरडीला असेल तर सी ०३. आपल्या भागात तंबाखूची चिमूट गाल आणि हिरडी यांच्या बेचक्यात धरून ठेवतात आणि गाठही तेथेच उठते. ज्या जिल्ह्यातल्या तोंडाच्या कर्करोगाच्या बहुतेक नोंदी ‘अनिर्दिष्ट’ पडल्या आहेत, त्या जिल्ह्यात हा संबंध उद्या कोणी विधिमंडळात मांडायचा म्हटला तर त्याच्या हातात काय उरते? बायोप्सीच्या रिपोर्टमध्ये जागा लिहिलेली असते. तो उघडून पाहायला दोन मिनिटे लागतात. तेथेही नसेल तर निवासी डॉक्टरांकडे लेखी क्वेरी, म्हणजे खुलासा मागणारी चिठ्ठी, टाकावी. नव्या कोडरला याचा संकोच वाटतो आणि डॉक्टर प्रथम वैतागतात. पण आठवड्यातून एकदा अशा क्वेरी घेऊन वॉर्डात जाण्याचा शिरस्ता पडला, की काही महिन्यांनी कार्डावरच नीट लिहिलेले येऊ लागते, असा माझा अनुभव आहे.

स्टेजचा रकानाही असाच. तो कोरा राहिला तर ‘आमच्याकडे रुग्ण उशिरा येतात’ हे डॉक्टरांचे नेहमीचे वाक्य नुसते वाक्यच राहते. ‘गेल्या तीन वर्षांत स्तनाच्या कर्करोगाच्या रुग्णांपैकी इतक्या जणी तिसऱ्या-चौथ्या टप्प्यात आल्या’ असे म्हणता येत नाही. तिसरी बाब पत्त्याची. मराठवाड्यातून किंवा विदर्भातून मुंबईला उपचारासाठी गेलेला माणूस केसपेपरवर परळच्या धर्मशाळेचा किंवा डोंबिवलीच्या भाच्याचा पत्ता देतो. नोंदणीच्या नियमानुसार किमान एक वर्ष राहत असलेले ठिकाणच धरायचे असते, म्हणून चांगला नोंदणी कर्मचारी ‘मुंबईला आल्याला किती दिवस झाले आणि गावी शेवटचे कधी होता’ हे विचारून घेतो. न विचारल्यास परभणीचा रुग्ण मुंबईच्या खात्यात पडतो आणि परभणीत रेडिओथेरपीचे यंत्र का हवे, हे सांगणारा एक पुरावा कमी होतो. नावांच्या घोळाबद्दल तर किती लिहावे! एकीकडे माहेरचे आडनाव, दुसरीकडे सासरचे, तिसरीकडे इंग्रजी स्पेलिंगमधले एक अक्षर वेगळे, आणि एकाच स्त्रीच्या तीन नोंदी. पिंपळगाव नावाची गावे तर कोणत्या जिल्ह्यात नाहीत? दुहेरी नोंदी जुळवून काढण्याचे काम नव्या सॉफ्टवेअर अभियंत्यांना आमच्यापेक्षा कितीतरी चांगले जमेल. मराठी नावांच्या उच्चारांप्रमाणे आणि स्पेलिंगच्या पर्यायांप्रमाणे जुळणी करणारी साधने त्यांनी बनवून नोंदणी केंद्रांना विनामूल्य दिली, तर ती त्यांची या कामातली मोठी भर ठरेल.

मृत्यूच्या दाखल्याविषयी स्वतंत्रपणे लिहायला हवे. देशात २०२० मध्ये नोंदवल्या गेलेल्या मृत्यूंपैकी फक्त २२.५ टक्के मृत्यूंचे कारण डॉक्टरने प्रमाणित केलेले होते. जे प्रमाणित होते, त्यांतही ‘कार्डिओरेस्पिरेटरी अरेस्ट’ असे लिहिण्याची जुनी खोड आहे. हृदय आणि श्वास थांबल्याशिवाय कोणीच मरत नाही. तो मृत्यूचा प्रकार झाला, कारण नव्हे. अन्ननलिकेच्या कर्करोगाने गेलेला माणूस अशा रीतीने हृदयविकाराच्या आकड्यात जमा होतो. जन्म-मृत्यू नोंदणी कायद्यातील २०२३ च्या दुरुस्तीने सर्व वैद्यकीय संस्थांना मृत्यूच्या कारणाचे प्रमाणपत्र निबंधकाला देणे आणि त्याची प्रत जवळच्या नातेवाइकाला देणे बंधनकारक केले आहे. ही तरतूद आपल्या नगरपालिकेच्या हद्दीत किती पाळली जाते, हे तपासून जिल्हा निबंधकांना वर्षातून एकदा टिपण देणे रेकॉर्ड विभागातील कोणाही जाणत्या माणसाला शक्य आहे. इंटर्न डॉक्टरांना हा नमुना कसा भरायचा, हे तासाभरात शिकवताही येते. मी ते शिकवले आहे. ज्येष्ठ डॉक्टरही मागच्या बाकावर येऊन बसत.

आणखी एक विसंगती आजवर कोणी जोराने मांडलेली माझ्या पाहण्यात नाही. २००२ च्या वैद्यकीय आचारसंहितेच्या नियमांनुसार आंतररुग्णाचे कागद उपचार सुरू झाल्यापासून तीन वर्षे जपणे बंधनकारक आहे. कर्करोगात रुग्ण किती काळ जगला हे मात्र जगभर प्रामुख्याने पाच वर्षांच्या हिशेबाने मोजतात. म्हणजे ज्या कागदावरून हे मोजायचे, तो आधीच रद्दीत गेला तरी नियमभंग होत नाही. मी काम केलेल्या एका रुग्णालयात पावसाळ्यापूर्वी जागा रिकामी करायची म्हणून कर्करोग विभागाचे कपाटभर कागद असेच निकाली काढले गेले. त्यांत चौथ्या वर्षाच्या फेरतपासणीला येणाऱ्या रुग्णांचेही कागद होते. पहिल्या केमोथेरपीत कोणते औषध किती मात्रेत दिले, हे त्या रुग्णांना पुढे स्वतःच्या फायलीतून शोधून आणावे लागले. कर्करोगाच्या नोंदींपुरती ही मुदत वाढवावी, ही मागणी आमच्याच वर्गाने लावून धरायला हवी, कारण तिचे महत्त्व आम्हालाच रोज कळते.

आता आकड्यांच्या वाचनाविषयी. आयुर्विज्ञान परिषदेच्या २०२० च्या अहवालात पुरुषांतील कर्करोगाचा वयानुरूप समायोजित दर, म्हणजे लोकसंख्येच्या वयोमानातला फरक वजा करून काढलेला दर, मिझोराममधील ऐझॉल जिल्ह्यात दर लाखामागे २६९.४, म्हणजे देशात सर्वाधिक, आणि उस्मानाबाद-बीड या नोंदणीक्षेत्रात ३९.५, म्हणजे सर्वांत कमी होता. धाराशिव आणि बीडच्या रहिवाशाने यावर समाधान मानावे काय? काही अंशी मानायला हरकत नाही, कारण प्रदेशाप्रदेशांत खरोखरच मोठा फरक असतो. परंतु जेथे निदानाची सोय लांब आहे आणि रुग्ण निदानाआधीच घरी दगावतो, तेथे दर कमी दिसण्यात न मोजल्या गेलेल्यांचाही वाटा असू शकतो. यातला किती भाग खरा आणि किती न मोजल्याचा, हे ताडण्याच्या कसोट्या नोंदणीशास्त्रात आहेत. सूक्ष्मदर्शकाखाली निदान पक्के झालेल्या नोंदींचे प्रमाण किती, केवळ मृत्यूच्या दाखल्यावरून कळलेल्या रुग्णांचे प्रमाण किती, नव्या रुग्णांच्या तुलनेत मृत्यू किती, हे सगळे अहवालाच्या मागच्या कोष्टकांत छापलेले असते आणि ते वाचणारा माणूस बहुधा कोणत्याच स्वयंसेवी संस्थेत नसतो. शिवाय हे सर्व दर ज्या लोकसंख्येने भागून काढतात, तिचे अंदाज २०११ च्या जनगणनेवरून पुढे ओढलेले आहेत. पिंपरी-चिंचवड किंवा पनवेलसारख्या झपाट्याने वाढलेल्या भागांत भाजक चुकला, की दरही चुकतो. एखादा पुढारी ‘आमच्या तालुक्यात कॅन्सर दुप्पट झाला’ असे सभेत म्हणतो, तेव्हा रुग्ण वाढले, लोक वाढले, म्हातारी माणसे वाढली की तपासणी वाढली, हे विचारण्याचे काम आमचे आहे. त्यात पुढाऱ्याला खोटे पाडण्याचा हेतू असू नये. त्याची खरी मागणी खोट्या आकड्यामुळे फेटाळली जाऊ नये, इतकाच असावा.

तंबाखूच्या प्रश्नावर तर आकडे हाताशी आहेत. २०१६-१७ च्या जागतिक प्रौढ तंबाखू सर्वेक्षणानुसार महाराष्ट्रात २६.६ टक्के प्रौढ तंबाखूचे सेवन करत होते. त्यांतील फार मोठा भाग चघळण्याच्या तंबाखूचा होता; धूम्रपान करणारे एकूण प्रौढांपैकी केवळ ३.८ टक्के. म्हणजे ‘धूम्रपान निषिद्ध’ अशा पाट्यांनी आपला प्रश्न थोडाच सुटतो. तो मळलेल्या तंबाखूचा, मशेरीचा आणि २०१२ पासून बंदी असूनही मिळणाऱ्या गुटख्याचा आहे. टाटा स्मारक रुग्णालयातील डॉ. पंकज चतुर्वेदी यांच्यासारख्या शल्यचिकित्सकांनी शस्त्रक्रियेने चेहरा गमावलेल्या रुग्णांना घेऊन राज्यकर्त्यांची भेट घेतली आणि त्याचा परिणाम झाला. रुग्णाची कहाणी मंत्र्याला हलवते, हे खरेच आहे. पण मंत्र्याच्या टेबलावर फाइल आली की वित्त विभाग ‘रुग्ण किती, खर्च किती’ हे विचारतो आणि तेथे कहाणी अपुरी पडते. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेतून तोंडाच्या कर्करोगाच्या शस्त्रक्रिया आणि किरणोपचार यांवर दर वर्षी किती रक्कम जाते, हे जिल्हावार काढून ते तंबाखूविरोधी संस्थांच्या हाती देणे, हे दाव्यांचे विश्लेषण करणाऱ्या माणसाला सहज जमण्यासारखे आहे. माहिती अधिकाराच्या अर्जात नेमके कोणते पॅकेज (योजनेत दर ठरलेला उपचार), कोणता कालावधी आणि कोणता तपशील मागायचा, हे त्याने नुसते लिहून दिले तरी पुरे.

विधिमंडळाच्या बाबतीतही तेच. ‘राज्यात कर्करोगाचे किती रुग्ण आहेत’ असा तारांकित प्रश्न विचारला जातो आणि त्याला एक गोल आकडा उत्तर म्हणून येतो. बायोप्सीचा रिपोर्ट आल्यापासून पहिला उपचार सुरू होईपर्यंत सरकारी रुग्णालयांत सरासरी किती दिवस जातात, किती रुग्ण निदानानंतर उपचाराला परतच आले नाहीत, आणि आशाताईंनी भरलेल्या तपासणी अर्जांतून संशयित ठरलेल्यांपैकी किती जणांची बायोप्सी झाली, हे प्रश्न कोणी विचारत नाही. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातील ३० ते ४९ वयोगटातील केवळ १.९ टक्के स्त्रियांची गर्भाशयमुखाच्या कर्करोगासाठी कधीतरी तपासणी झाल्याचे आढळले होते. या आकड्यावर भाषणे पुष्कळ झाली. तपासणीत संशयित निघालेल्या स्त्रीचे पुढे काय होते, हा त्याच्या पुढचा प्रश्न आहे आणि तो कसा विचारायचा हे आम्हाला ठाऊक आहे. संसदेच्या आरोग्यविषयक स्थायी समितीने २०२२ मध्ये कर्करोग अधिसूचित आजार करण्याची, म्हणजे प्रत्येक रुग्ण शासनाला कळवणे बंधनकारक करण्याची, शिफारस केली आणि कर्नाटक, पंजाब, हरियाणा, पश्चिम बंगाल अशा कितीतरी राज्यांनी आपल्यापुरते ते केलेही आहे. अधिसूचनेचे मी स्वागतच करतो, मात्र तिच्याकडून चमत्काराची अपेक्षा करत नाही. खासगी प्रयोगशाळेने कळवायचे कोणाला, कोणत्या नमुन्यात, आणि तेथे ती माहिती जुळवायला माणूस आहे काय, हे ठरवल्याविना निघालेली अधिसूचना फलकावर राहते.

माणसाचा प्रश्न आला म्हणून लिहितो. यातली पुष्कळ कामे आज अकरा-अकरा महिन्यांच्या कंत्राटावरील डेटा एंट्री ऑपरेटर करतात. अनुभवाने पक्का झालेला मुलगा दुसऱ्या वर्षी बँकेत जातो आणि त्याच्या जागी आलेल्या मुलीला टीएनएम (गाठ, लसिकाग्रंथी आणि प्रसार यांवरून टप्पा ठरवण्याची पद्धत) म्हणजे काय, येथपासून शिकवावे लागते. रुग्णांच्या संघटना औषधांच्या किमतींवर आंदोलन करतात, त्यात गैर काही नाही. त्यांनी आपल्या मागण्यांत नोंदणी कर्मचाऱ्यांच्या कायम पदांचाही समावेश करावा, असे आम्ही त्यांना सांगायला हवे, कारण ते आपणहून त्यांना सुचणार नाही.

काही बंधने स्पष्टपणे सांगितली पाहिजेत. शासकीय सेवेतील माणसाला महाराष्ट्र नागरी सेवा (वर्तणूक) नियम, १९७९ लागू आहेत. शासनाच्या धोरणावर वृत्तपत्रात टीका करण्याची मुभा त्याला नाही. त्याने आपले टिपण वरिष्ठांकडे लेखी द्यावे, परिषदांमध्ये वाचावे, प्रशिक्षण द्यावे. जाहीर बोलण्याचे काम आम्ही निवृत्त आणि खासगी क्षेत्रातले लोक करू. गोपनीयतेच्या बाबतीत तर कसूर नकोच. नाव काढून टाकले म्हणजे ओळख पुसली, असा एक भोळा समज आहे. हजार वस्तीच्या गावात ‘एक स्त्री, वय ३४, स्तनाचा कर्करोग’ असे छापले की नाव लिहायची गरजच राहत नाही, आणि त्यानंतर त्या घरातल्या मुलीच्या लग्नात काय अडचणी येतात हे खेड्यात राहिलेल्यांना सांगायला नको. म्हणून गावनिहाय छोटे आकडे बाहेर देऊ नयेत, तालुका किंवा जिल्हा एकत्र करून द्यावेत. २०२३ च्या वैयक्तिक डिजिटल डेटा संरक्षण कायद्याचा बाऊ करून सगळीच माहिती दडवणे हे दुसरे टोकही मी पाहिले आहे. एकत्रित आकडे देण्यास गोपनीयतेची आडकाठी नसते. आणखी एक सावधगिरीची सूचना. रुग्णांच्या काही संघटनांना औषध कंपन्यांकडून निधी मिळतो. त्यात बेकायदा काही नसेलही, परंतु एखादी संघटना अमुक एका महागड्या औषधासाठी पात्र रुग्णांचे आकडे मागू लागली, तर निधी कोठून येतो हे आधी विचारावे आणि उत्तर आपल्या टिपणात लिहून ठेवावे.

आपल्यासारख्या वृत्तपत्रांकडेही एक मागणे आहे. कर्करोगाचा आकडा छापताना तो कोणत्या नोंदणी केंद्राचा, कोणत्या वर्षांचा, आणि प्रत्यक्ष मोजलेला की अंदाजित, एवढे तीन तपशील सोबत द्यावेत. आकडा संशयास्पद वाटला तर जवळच्या वैद्यकीय महाविद्यालयातील रोगप्रतिबंधक व सामाजिक वैद्यकशास्त्र विभागाला किंवा रेकॉर्ड विभागाला दूरध्वनी करावा. डॉक्टरांच्या मुलाखतीसाठी आपण थांबता, त्यापेक्षा येथे उत्तर लवकर मिळेल. सोलापूर, बार्शी आणि धाराशिव परिसरातले आम्ही काही निवृत्त सहकारी दर महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी एकत्र बसतो. या भागातील कोणत्याही रुग्ण-संघटनेला, तंबाखूविरोधी मंडळाला किंवा लोकप्रतिनिधीच्या कार्यालयाला नोंदणीचा अहवाल वाचून हवा असेल, माहिती अधिकाराचा अर्ज किंवा तारांकित प्रश्नाचा मसुदा करून हवा असेल, तर आम्ही तो विनामूल्य करून देऊ. संबंधितांनी आपल्या कार्यालयामार्फत कळवावे. पत्रे आमच्यापर्यंत पोहोचतील अशी व्यवस्था आपण कराल, ही विनंती.

आपला नम्र,
एक निवृत्त वैद्यकीय अभिलेख अधिकारी,
सोलापूर